रमोन्सचा शेवटचा अल्बम 'अदिओस अमिगोस' (१९९५): उरकलेला की दुर्लक्षित?

उलटी_कॅसेट (धागाकर्ता)

रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडचं नाव निघालं की गप्पा पहिल्या चार अल्बमांपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. १९७६ ते १९७८. त्यानंतरही हा बँड अठरा वर्षं व्हॅनमधून गावोगाव फिरत होता, त्याने आणखी दहा स्टुडिओ अल्बम काढले, हे कोणाच्या खिजगणतीत नसतं. शेवटचा, म्हणजे चौदावा, 'अदिओस अमिगोस' जुलै १९९५ मध्ये आला. परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने "पाट्या टाकून उरकलेलं काम" म्हणून त्याची वासलात लावली. तिथे उत्तर देत बसलो असतो तर ग्रुपमधून हाकललं असतं, म्हणून इथे लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. १९९४ मध्ये ग्रीन डे आणि ऑफस्प्रिंग यांचे अल्बम अमेरिकेत लाखांनी खपले. तीन कॉर्डची, दोन मिनिटांची, जीव तोडून वाजवलेली गाणी. हाच माल रमोन्स वीस वर्षं घेऊन फिरत होते आणि रेडिओवाले त्यांना दारात उभं करत नव्हते. आता बाजार तयार झाला तेव्हा गिटारवाला जॉनी ४६ वर्षांचा, गायक जोई ४४ चा, ड्रमर मार्की त्याच आसपास. बेस वाजवणारा सी.जे. तेवढा तिशीच्या आत. अल्बम खपला नाही तर आम्ही थांबतो, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. खपला नाही. बिलबोर्डच्या पहिल्या शंभरातही आला नाही. वर्षभर निरोपाचे कार्यक्रम करून ६ ऑगस्ट १९९६ ला लॉस एंजेलिसला शेवटचा खेळ झाला. जॉनी प्रत्येक कार्यक्रमाची नोंद ठेवायचा. त्या हिशेबाने तो २,२६३वा.

कव्हर कोणी नीट पाहिलंय का? मार्क कोस्ताबीच्या चित्रातले दोन डायनोसॉर, डोक्यावर मेक्सिकन सोंब्रेरो. मागच्या बाजूला बँडला भिंतीशी उभं करून गोळ्या घालायच्या तयारीतला फोटो. आपण नामशेष होत चाललोय हे यांना ठाऊक होतं आणि त्यावर पहिला विनोदही यांनीच केला.

आता माझा खरा मुद्दा. या अल्बमवरच्या तेरापैकी सहा गाण्यांवर डीडीचं नाव आहे. डीडी म्हणजे मूळ बेसवाला, बँडचा मुख्य गीतकार, आणि तो १९८९ मध्येच बाहेर पडला होता. वेगळी चूल मांडलेल्या भावाने दर सणाला पुरणपोळ्यांचा डबा पाठवत राहावं, तसा तो सहा वर्षं यांना गाणी पुरवत राहिला. बरं, डबा खाणारे दोघे, जोई आणि जॉनी, एकमेकांशी बोलत नव्हते. अशा घरातून हा अल्बम निघाला आणि तरीही तो सलग ऐकला तर एका माणसाचा वाटतो. कसा, ते शोधण्यासाठी हा धागा.

शेवटचं गाणं 'बॉर्न टू डाय इन बर्लिन' जरूर ऐका. डीडीचं बालपण जर्मनीत गेलं. आई जर्मन, बाप अमेरिकन सैनिक. गाण्याच्या मध्यात तो जर्मनमध्ये गातो, तेही टेलिफोनवरून. आवाज चिरका, खालचे सूर गायब, पलीकडे कोणी जागं आहे की नाही याची खात्री नसल्यासारखा. मग गिटार पुन्हा कोसळते आणि जोई ते गाणं परत ताब्यात घेतो. बँडच्या शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात संस्थापक फोनवरून हजेरी लावतो, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

खवट_कारले

धागा वाचनीय, पण भावनेच्या भरात हिशेब राहून गेला. तो मी करतो.

डीडीची सहा गाणी म्हणता. त्यातली 'मेकिन मॉन्स्टर्स फॉर माय फ्रेंड्स' आणि 'इट्स नॉट फॉर मी टू नो' ही दोन त्याच्या स्वतःच्या १९९४ च्या अल्बमवर आधीच येऊन गेली होती. 'द क्रशर' तर त्याच्या १९८९ च्या रॅप अल्बमवरचं. (होय, डीडी रमोनने रॅप अल्बम काढला होता. नसेल ऐकला तर सुखी आहात.) शिवाय पहिलंच गाणं टॉम वेट्सचं, आणि 'आय लव्ह यू' जॉनी थंडर्सचं (हा वेगळा जॉनी). म्हणजे तेरापैकी पाच गाणी एकदा वाढून झालेली. अल्बम संपवताना भांडारात काय होतं ते यावरून कळतं.

त्याआधीचा १९९३ चा अल्बम तर सगळाच दुसऱ्यांच्या, बहुतेक साठच्या दशकातल्या, गाण्यांचा होता. लागोपाठ दोनदा असं होतं तेव्हा त्याला गाणी संपणं म्हणतात.

उतारवयातला खरा अल्बम हवा असेल तर १९८४ चा 'टू टफ टू डाय' घ्या. मूळ ड्रमर टॉमी निर्माता म्हणून परत आला, सहनिर्माता एड स्टेशियम सोबतीला, आणि बँडला पुन्हा कणा मिळाला. 'अदिओस' हा नुसता निरोपसमारंभ आहे. हारतुरे ठीक, पण भाषणं ऐकवत नाहीत.

वडापाव_विदाउट_चटणी

अज्ञानी प्रश्न, हसू नका. एफसी रोडवर घेतलेला रमोन्सचा काळा टी-शर्ट माझ्याकडे आहे, गरुडवाला. तो एक बँड आहे हे मला दुकानदाराने सांगितलं. गाणं एकही ऐकलेलं नाही. हा अल्बम पहिला ऐकावा का? आणि त्या गरुडाच्या पायात बॅट का आहे?

डाउनस्ट्रोक

@वडापाव, लाजू नका. पंकच्या इतिहासात या टी-शर्टएवढं खपलेलं फार थोडं असेल. ते चिन्ह आर्तुरो वेगा या मेक्सिकन चित्रकाराने केलं. तो बँडचा कलादिग्दर्शक, प्रकाशयोजनाही तोच सांभाळायचा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मोहर घेतली, बाणांच्या जागी बेसबॉलची बॅट दिली कारण जॉनी बेसबॉलवेडा, ऑलिव्हच्या डहाळीच्या जागी सफरचंदाची डहाळी, आणि भोवती सभासदांची नावं. तुमच्या शर्टावर नावं वाचून बघा. बहुतेक जॉनी, जोई, डीडी, टॉमी असतील.

आता अल्बमबद्दल. मी गिटार वाजवतो, म्हणून मला यात आधी जॉनीचा उजवा हात ऐकू येतो. बहुतेक वादक वेगात वाजवताना पिक (तारा छेडायची चकती) खाली-वर, खाली-वर असं चालवतात. जॉनी फक्त खाली. प्रत्येक ठोका वरून खाली, सगळे आठव्या मात्रेचे, पूर्ण बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून. वरच्या दिशेने मारलं की आधी बारीक तारा वाजतात आणि आवाज पातळ पडतो. खाली मारलं की जाड तार आधी लागते, म्हणून प्रत्येक ठोका भिंतीवर आदळल्यासारखा. घरी करून बघा. मिनिटभरात मनगट भरून येतं, दोन मिनिटांत कोपरापर्यंत कळ जाते. हा माणूस हे रोज रात्री तासभर, न थांबता करायचा आणि ४६ व्या वर्षी या अल्बमवर तसंच करतोय. त्यात सोलो नाही, नक्षी नाही. हा माणूस स्वतःचं काम कधीही 'विकसित' करायच्या फंदात पडला नाही. 'कारल्यां'ना त्यात तोचतोचपणा दिसेल, मला शिस्त दिसते.

निर्मिती डॅनियल रेची. १९८७ चा 'हाफवे टू सॅनिटी'ही त्याचाच, पण तिथला आवाज मला पोकळ वाटतो. इथे गिटार जाड आहे, बेस दाबलेला नाही, ढोलावर ऐंशीच्या दशकातला तो हौदातला घुमार नाही. त्यांच्या दुसऱ्या दशकातला माझ्या कानाला सर्वांत सरळ वाटणारा अल्बम हाच.

आणि हो, वडापाव, सुरुवात १९७६ च्या पहिल्यापासूनच करा. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, ६,४०० डॉलरांत केलेला. मग या धाग्यावर परत या.

गिरगावचा_शेजारी

आमच्या कॉलेजच्या काळात काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये पंकचा असा वेगळा कप्पा नव्हता. मेटल मुबलक. मेडन, मेटॅलिका, सगळ्यांच्या कॅसेटी. रमोन्स आमच्यापर्यंत आले ते कोणाच्या तरी दुबईच्या मामाने आणलेल्या कॅसेटच्या कॉपीची कॉपी होऊन. त्या घरघरीत जोईचा आवाज काय कळणार! पुढे सीडीवर ऐकला तेव्हा तो माणूस किती गोड गातो हे समजलं.

तो गोडवा लक्षात ठेवून 'अदिओस' ऐकायला हवा. जोई मुळात साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांचा भक्त. रॉनेट्सच्या रॉनी स्पेक्टरवर त्याचा जीव. या अल्बमवरचं 'शी टॉक्स टू रेनबोज' त्याने लिहिलं, आणि १९९९ मध्ये रॉनीनेच ते गायलं. त्या रेकॉर्डची निर्मितीही जोईने केली. आपण ज्या आवाजाच्या प्रेमात मोठे झालो, तो आवाज आपलं गाणं गातोय. एका पंक गायकाच्या नशिबी याहून मोठं काय यायचं?

'लाइफ्स अ गॅस' हेही त्याचंच. शब्द मोजकेच, तेच तेच फिरून येतात. दुःखी होऊ नका, मी आहेच, एवढाच आशय. पहिल्यांदा ऐकताना मलाही ते आळशी गाणं वाटलं होतं. पण त्याला लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचं निदान याच सुमाराला झालं होतं आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. एप्रिल २००१ मध्ये तो गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी. आता तीच फिरून येणारी ओळ पुरते.

खवट_कारले

गिरगावकर, इथेच माझी हरकत आहे. गायक पुढे वारला म्हणून आधीचं गाणं चांगलं होत नाही. १९९५ च्या जुलैमध्ये दुकानातून अल्बम घेणाऱ्याला निदानाची कल्पना नव्हती. त्याला एक ओळ पाच वेळा ऐकू आली, बास. समीक्षा रेकॉर्डची करायची की मृत्युलेखाची?

गिरगावचा_शेजारी

मान्य, ऐकणाऱ्याला कल्पना नव्हती. गाणाऱ्याला होती ना? मी ती ओळ त्याच्या बाजूने ऐकतो. आणि आजार बाजूला ठेवला तरी त्याने आवाज कुठे ठेवलाय बघा. 'शीना इज अ पंक रॉकर' या जुन्या गाण्याच्या काळातली उचकी, ते तोतरं लाडिक उच्चारण सगळं गेलंय. खालच्या पट्टीत, सरळ, जवळजवळ बोलल्यासारखं गातो. तेवढ्यासाठी मृत्युलेख लागत नाही.

७१_अव्हेन्यू_एक्सप्रेस

न्यूयॉर्कहून. मी क्वीन्समध्ये फॉरेस्ट हिल्सजवळ राहते, म्हणजे यांच्या गावातच. मूळ चौघेही इथलेच. पंक म्हटलं की लोकांना पडकी घरं डोळ्यांसमोर येतात. इथे विटांच्या नीटस इमारती, झाडं, आणि अमेरिकन ओपन १९७७ पर्यंत जिथे व्हायची ते टेनिस स्टेडियम. चांगल्या मध्यमवर्गीय वस्तीत कंटाळलेली पोरं होती ही. आपल्याकडच्या कुठल्याही सहकारी सोसायटीत सापडतील असली. २०१६ मध्ये फॉरेस्ट हिल्स हायस्कूलसमोरच्या चौकाला 'रमोन्स वे' नाव दिलं. शाळेत असताना यांना तिथे कोणी शहाणं म्हटलं असेल असं वाटत नाही.

मॅनहॅटनमध्ये बाउरीजवळ 'जोई रमोन प्लेस' आहे. ती पाटी इतक्यांदा चोरीला गेली की शेवटी खांबावर चांगली उंच नेऊन लावली. मान वर करून शोधावी लागते. जवळच सीबीजीबी होतं (पंकचा जुना क्लब), जिथे यांनी १९७४ मध्ये वाजवायला सुरुवात केली. ते २००६ मध्ये बंद पडलं आणि पुढे त्या जागेत महागड्या पुरुषी कपड्यांचं दुकान आलं. आत गेले होते. जुन्या भिंतीचा पत्रकं चिकटवलेला तुकडा जपून ठेवलेला, आणि शेजारी टांगलेल्या जाकिटाची किंमत बघून मी बाहेर आले.

जोई-जॉनीच्या अबोल्याबद्दल धाग्यात अर्ध्या वाक्यात सांगितलंय, ते नवीन वाचकांसाठी पुरं करते. जोईची मैत्रीण लिंडा पुढे जॉनीकडे गेली आणि जॉनीशीच लग्न केलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून दोघांचं बोलणं जवळजवळ बंद. त्यात जॉनी कट्टर रिपब्लिकन, जोई उदारमतवादी. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन जर्मनीतल्या बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत गेले, जिथे नाझी एसएसचे सैनिकही पुरलेले आहेत. जोईने त्यावर डीडी आणि जाँ बोव्हुआरसोबत संतापून गाणं लिहिलं. जॉनीला ते पसंत नव्हतं. पण गिटार वाजवली. जोईच्या शेवटच्या आजारपणात जॉनी भेटायला गेला नाही.

इतकी वर्षं एका व्हॅनमध्ये, न बोलता! माझ्या सासरच्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटायचं नाही, पण ते असो.

डाउनस्ट्रोक

+१. आणि याचमुळे सी.जे.चं श्रेय मोठं. १९८९ मध्ये डीडीच्या जागी आला तेव्हा अमेरिकन मरीन दलातला पोरगा, रमोन्सचा चाहता. जन्मतारीख जॉनीचीच, ८ ऑक्टोबर, फक्त सतरा वर्षांनी धाकटा. या अल्बमवर जोईचा भार हलका करायला त्यानेही काही गाणी म्हटली आहेत. 'द क्रशर' कुस्तीवर आहे, तेही त्याच्याच आवाजात. डीडीच्या रॅपमधून ते गाणं सोडवून आणलं हे पुण्यकर्म म्हणा हवं तर, कारले. त्याने स्वतः लिहिलेलं 'स्कॅटरगन' तर सरळ धावत सुटतं.

उलटी_कॅसेट (धागाकर्ता)

कारलेसाहेब, तुमचा पाच गाण्यांचा हिशेब बरोबर आहे. निष्कर्षाशी भांडतो.

रमोन्सनी दुसऱ्यांची गाणी पहिल्या दिवसापासून घेतली. १९७६ च्या पहिल्याच अल्बमवर क्रिस माँतेझचं 'लेट्स डान्स' आहे. यांची कलाच ती: समोर येईल ते एकाच यंत्रातून काढायचं. बघायचं ते एवढंच, की यंत्रातून बाहेर आलेलं गाणं त्यांचं झालं की नाही. टॉम वेट्सचं 'आय डोन्ट वॉन्ट टू ग्रो अप' १९९२ च्या त्याच्या अल्बमवर खरखरीत, कण्हत, भंगारातून वाद्यं काढल्यासारखं येतं. तिथे एक थकलेला माणूस पोराचं सोंग घेतोय. रमोन्सनी ते उघड्यावर आणलं, जॉनीचा हात सुरू केला, आणि ४४ वर्षांचा, सहा फुटांहून उंच, केसांनी चेहरा झाकलेला जोई म्हणतो की मला मोठं व्हायचं नाही. वीस वर्षं तेच जाकीट, तीच फाटकी जीन्स घालून उभ्या राहिलेल्या माणसाने ते म्हणावं आणि निरोपाचा अल्बम त्याने उघडावा! ते गाणं उसनं आहे हे दहा सेकंदांत विसरायला होतं. वेट्सलाही राग आलेला दिसत नाही; २००३ च्या रमोन्सना वाहिलेल्या संकलनात त्याने यांचं एक गाणं गाऊन परतफेड केली.

डीडीच्या जुन्या गाण्यांचंही तेच. त्याच्या १९९४ च्या अल्बमवर ती कच्ची, घाईची आहेत. ती मुळात ज्या चौकडीच्या मापाने शिवली होती, तिने वाजवल्यावर बसली. डीडीला बँड सोडता आला, बँडसाठी लिहायची सवय सोडता आली नाही. पैसेही लागत असतील, नाही कशाला म्हणू. म्हणूनच अल्बम एका माणसाचा वाटतो असं मी वर म्हटलं. जो खोलीत नव्हता त्याचं डोकं, जो आजारी होता त्याचा गळा, आणि जो कोणाशी बोलत नव्हता त्याचा हात.

वडापाव_विदाउट_चटणी

पहिला अल्बम ऐकला. जिम्नॅशियमला जाताना लावला, पोचेपर्यंत संपला. मग लगेच 'अदिओस' लावला. गंमत म्हणजे मला दुसरा जास्त आवडला. पहिल्यात सगळी गाणी एकमेकांत मिसळली, यात वेगवेगळी ओळखता आली. शर्टावर नावं तुम्ही म्हणालात तीच आहेत, म्हणजे या अल्बमवरची दोनच माणसं माझ्या छातीवर आहेत. हे चौघे आता काय करतात?

७१_अव्हेन्यू_एक्सप्रेस

वडापाव, तुमच्या शर्टावरचे चौघेही नाहीत. जोई २००१, डीडी २००२, जॉनी २००४, टॉमी २०१४. डीडी तर बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेल्यावर तीनच महिन्यांनी. त्या समारंभात त्याने स्वतःचेच आभार मानले होते, स्वतःचीच पाठ थोपटून. एवढी गाणी लिहिणाऱ्याने मानले तर बिघडलं काय?

डाउनस्ट्रोक

एक राहिलं. "खपला नाही" हे अमेरिकेपुरतं. १६ मार्च १९९६ ला ब्युनोस आयर्समध्ये याच निरोपाच्या दौऱ्यात यांनी रिव्हर प्लेटचं फुटबॉल स्टेडियम भरवलं, आणि त्यांच्या आधी वाजवायला इगी पॉप होता. ज्याच्या गाण्यांचं वेड मूळ चौघांना होतं, तो इगी पॉप. तिथून न्यूयॉर्कला परतले की पुन्हा क्लबचे स्टेज. अर्जेंटिनातल्या पोरांनी यांना रस्त्यात चालू दिलं नाही आणि क्वीन्समध्ये भाजीवाल्यानेही ओळखलं नसेल.

खवट_कारले

अर्जेंटिना मान्य, वेट्सचं गाणं मान्य, बर्लिनवालं गाणं काल रात्री हेडफोनवर तीनदा ऐकलं, तेही मान्य. फोनवरचा तुकडा खरोखर चिकटतो. पण 'हॅव अ नाइस डे' आणि 'गॉट अ लॉट टू से' यांची बाजू घ्यायला इथे कोणीही पुढे आलेलं नाही याची नोंद व्हावी. दुसऱ्या गाण्याचं नाव 'बरंच सांगायचंय' असं आहे आणि सांगत काहीच नाही.

'टू टफ टू डाय'चा धागा मी रविवारी काढतो. कॅसेटराव, तिथे या. आणि येताना तो व्हॉट्सॲपवाला मित्र घेऊन या, माणूस कामाचा दिसतोय.